वाहन नोंदणी : कागद, प्रतीक्षा आणि मालकी (एक ऐतिहासिक अभ्यास, १९१४ ते २०२२)

प्रस्तावना :

राज्यसंस्थेचा इतिहास लिहिताना राजधानी, विधिमंडळ, सैन्य आणि महसूल यांचा विचार प्राधान्याने केला जातो. सामान्य माणसाची राज्यसंस्थेशी प्रत्यक्ष गाठ मात्र तलाठी कार्यालय, रेशनचे दुकान, तहसील कचेरी आणि प्रादेशिक परिवहन कार्यालय यांच्या खिडकीपाशीच पडते. यांपैकी परिवहन कार्यालय, म्हणजेच लोकांच्या तोंडचे 'आर.टी.ओ.', हे विसाव्या शतकातील मध्यमवर्गीय जीवनाचा अविभाज्य भाग बनले. 'पासिंग', 'आर.सी. बुक', 'बोजा उतरविणे', 'एजंट' हे शब्द मराठी व्यवहारात त्याच खिडकीपाशी रुळले. या खिडकीपुढील रांगेचे स्पष्टीकरण सहसा कर्मचाऱ्यांची दिरंगाई व भ्रष्टाचार या दोन शब्दांत दिले जाते. ते निराधार नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास ते अपुरे वाटते.

या विषयाकडे वळण्यास एक घरगुती प्रसंग कारणीभूत ठरला. प्रस्तुत अभ्यासकाच्या वडिलांना १९८४ साली स्कूटर मिळाली, तेव्हा तिच्यासाठी त्यांनी सहा वर्षे वाट पाहिली होती. २००९ मध्ये वडिलांचे निधन झाल्यानंतर तीच स्कूटर आईच्या नावे करण्यासाठी अर्ज केला असता, नोंदणी पुस्तिकेतील चेसिस क्रमांकाचा एक अंक पुसट असल्याने तो परत आला. पुढे वारसांची संमतिपत्रे, प्रतिज्ञापत्र, विम्याची नवी प्रत असे करीत पाच महिने गेले. या काळात स्कूटर दारात उभी होती आणि कागदोपत्री तिचा मालक हयात नव्हता. एकाच वाहनासाठी एका पिढीने वाहनाची वाट पाहिली, तर दुसरीने कागदाची. या दोन प्रतीक्षांमधील संबंध कोणता, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न होय.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. (१) भारतातील मोटार वाहन नोंदणीच्या कायद्यांचा विकासक्रम पाहणे. (२) नोंदणीतील विलंबाची संस्थात्मक कारणे शोधणे. (३) 'मालक' या संकल्पनेत झालेला बदल आणि त्या विलंबाची सामान्य वाहनधारकास द्यावी लागणारी किंमत यांचा परस्परसंबंध तपासणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, नियम, न्यायनिर्णय आणि शासकीय आकडेवारी यांचा आधार घेतला आहे. विवेचनाचा भर खाजगी वाहनांवर व मुख्यतः दुचाकींवर आहे.

१. नोंदणीचा उगम : यंत्रामागचा माणूस शोधणे

वाहनावर क्रमांक लावण्याची कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. पॅरिसच्या पोलीस प्रशासनाने १८९३ च्या आदेशाने मोटारींवर ओळखपट्टी लावणे आवश्यक केले. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कार कायद्याने १ जानेवारी १९०४ पासून नोंदणी सक्तीची झाली. लंडनमध्ये 'ए १' हा क्रमांक मिळावा म्हणून अर्ल रसेल यांनी नोंदणी कार्यालयाबाहेर रात्रभर तिष्ठत काढली, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती खरी मानल्यास नोंदणीची रांग ही नोंदणीच्या जन्मापासूनचीच म्हणावी लागेल. फक्त ती रांग हौसेची होती, सक्तीची नव्हती.

भारतात आरंभी प्रांतांनी आपापले कायदे केले आणि १९१४ च्या भारतीय मोटार वाहन कायद्याने (१९१४ चा आठवा कायदा) त्यांना अखिल भारतीय चौकट मिळाली. वाहनाची नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर टाकण्यात आली आणि तपशिलाचे नियम करण्याचे अधिकार प्रांतिक सरकारांकडे राहिले. या टप्प्यावर नोंदणीचा हेतू मर्यादित होता. रस्त्यावर अपघात करून निघून गेलेल्या यंत्रामागचा माणूस सापडावा, एवढीच अपेक्षा होती. म्हणजेच नोंदणी ही ओळख पटविण्याची सोय होती. मालकी सिद्ध करण्याचे ते साधन नव्हते. वाहनेही थोडी होती आणि वाहनधारक बहुतांशी संस्थानिक, इंग्रज अधिकारी, व्यापारी किंवा व्यावसायिक वर्गातील होते. ज्याला खिडकीपाशी स्वतः उभे राहावे लागत नाही अशा वर्गासाठी ही पद्धत घडली, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

२. १९३९ चा कायदा : एका नोंदीवर अनेक कामे

रेल्वे आणि मोटार वाहतूक यांच्यातील स्पर्धेचा प्रश्न १९३० च्या दशकात तीव्र झाला. १९३३ च्या मिचेल-कर्कनेस अहवालाने या प्रश्नाची मांडणी केली आणि त्या पार्श्वभूमीवर १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. प्रांतिक व प्रादेशिक परिवहन प्राधिकरणे ही या कायद्याची देणगी होय. 'आर.टी.ओ.' या संस्थेचे मूळ त्यात आहे. वाहतुकीचे परवाने आणि रेल्वेच्या उत्पन्नाचे रक्षण हा ज्या यंत्रणेच्या स्थापनेमागील एक प्रमुख हेतू होता, तिच्याच छायेत पुढे खाजगी स्कूटरची नोंद होऊ लागली.

याच सुमारास नोंदणीवर इतर कामांचा भार चढू लागला. मुंबई प्रांतात १९३५ च्या मोटार वाहन कर कायद्याने कराचा संबंध वाहनाशी जोडला. पुढे १९५८ मध्ये मुंबई राज्याचा नवा कर कायदा झाला. १९३९ च्या कायद्यातील त्रयस्थ पक्षाच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले आणि विम्याशिवाय वाहन रस्त्यावर आणणे बेकायदेशीर ठरले. हप्त्याने खरेदी वाढली, तशी सावकाराच्या हक्काची नोंदही त्याच पुस्तिकेत होऊ लागली. अशा रीतीने ओळखीसाठी निर्माण झालेली एक नोंद कर, विमा आणि कर्ज या तिन्ही व्यवहारांची खुंटी बनली.

३. वाहनासाठीची प्रतीक्षा : १९५१ ते १९९१

स्वातंत्र्योत्तर काळात पहिली मोठी प्रतीक्षा नोंदणी कार्यालयात नव्हती. ती विक्रेत्याच्या यादीत होती. १९५१ च्या औद्योगिक (विकास व नियमन) कायद्याने उत्पादनक्षमता परवान्याने बांधली गेली. १९५९ मध्ये मोटारींसाठी आणि १९६० मध्ये स्कूटरसाठी वितरण व विक्री नियंत्रण आदेश लागू झाले. ग्राहकाने विक्रेत्याकडे नाव नोंदवावे, अनामत ठेवावी, क्रम येईपर्यंत थांबावे आणि वाहन मिळाल्यावर ठराविक काळ ते विकू नये, अशी ही व्यवस्था होती. सरकारी कामासाठी व विशिष्ट वर्गांसाठी कोटा राखलेला असे.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. बजाज ऑटोच्या पुण्याजवळील आकुर्डी येथील कारखान्यात इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या सहकार्याने स्कूटर बनत होती. १९७१ मध्ये हा करार संपला आणि १९७२ मध्ये 'चेतक' बाजारात आली. १९७५ मध्ये राज्य शासनाच्या महामंडळाच्या भागीदारीतून सातारा येथे महाराष्ट्र स्कूटर्स लिमिटेडची स्थापना झाली. तरीही मागणी पुरवठ्याच्या कितीतरी पुढे राहिली आणि चेतकसाठी काही ठिकाणी दहा वर्षांपर्यंत थांबावे लागे. मुलाच्या लग्नात उपयोगी पडावी म्हणून तो शाळेत असतानाच स्कूटरसाठी नाव नोंदविणारी कुटुंबे त्या काळी होती.

या टंचाईचा नोंदणीवर झालेला परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. क्रम आलेल्या माणसाने 'ऑन' घेऊन स्कूटर दुसऱ्यास द्यायची, पण विक्रीस मनाई असल्यामुळे पुस्तिका मूळ नावावरच ठेवायची, हा व्यवहार रूढ झाला. विक्रेता सह्या केलेले कोरे अर्ज खरेदीदाराच्या हाती देई आणि खरेदीदार ते घरातील ट्रंकेत जपून ठेवी. कागदावरील मालक एक आणि वाहन चालविणारा दुसरा, ही सवय समाजाला नियंत्रणाच्या काळात लागली. पुढे नियंत्रणे गेली, सवय राहिली.

४. १९८८ चा कायदा : ज्याचे नाव, त्याची मालकी

देशातील नोंदणीकृत वाहनांची संख्या १९५१ मध्ये सुमारे ३ लाख होती. ती १९७१ मध्ये सुमारे १९ लाख, १९८१ मध्ये सुमारे ५४ लाख आणि १९९१ मध्ये सुमारे २ कोटी १४ लाख झाली. या वाढीला सामावून घेण्यासाठी १९८८ चा मोटार वाहन कायदा करण्यात आला व तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. सोबत केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ आले आणि अर्जांचे नमुने देशभर एकसारखे झाले. राज्याची दोन अक्षरे व कार्यालयाचा अंक ही क्रमांकपद्धती याच वेळी रूढ झाली, एम.एच. १२ म्हणजे पुणे आणि एम.एच. ०९ म्हणजे कोल्हापूर, हे शाळकरी मुलांनाही पाठ झाले.

परंतु या कायद्यातील सर्वांत दूरगामी बदल व्याख्येच्या कलमात होता. १९३९ च्या कायद्यात 'मालक' या शब्दाचा खुलासा अज्ञान व्यक्ती आणि भाडेखरेदी यांच्यापुरता केला होता. इतर बाबतीत १९३० च्या मालविक्री कायद्याचे सर्वसाधारण तत्त्व लागू पडे, म्हणजे पैसे दिले, वाहन ताब्यात आले, मालकी गेली. १९८८ च्या कायद्याच्या कलम २(३०) ने मात्र ज्याच्या नावे वाहन नोंदलेले आहे तो मालक, अशी व्याख्या केली. भाडेखरेदी, भाडेपट्टा वा तारण यांच्या बाबतीत ताबा असलेली व्यक्ती मालक मानली गेली. अन्यथा पुस्तिकेतील नाव हेच निर्णायक ठरले.

अपघातग्रस्ताच्या दृष्टीने हा बदल न्याय्य होता. नुकसानभरपाई मागणाऱ्या जखमीने विक्रीच्या साखळीतील शेवटचा माणूस शोधत फिरावे, ही अपेक्षा रास्त नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मधील एका निर्णयात हेच तत्त्व स्पष्ट केले. त्या प्रकरणात वाहन एकामागून एक अनेकांना विकले गेले होते, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावे होती. अपघाताची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदणीकृत मालकावर ठेवली. वाहन विकून काही काळ लोटलेला माणूस केवळ कागद पुरा न झाल्यामुळे उत्तरदायी ठरला.

येथे प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा येतो. १९८८ नंतर कागदाचे वजन वाढले. पण तो कागद तयार होण्यास लागणारा काळ त्या प्रमाणात घटला नाही. पूर्वीची प्रतीक्षा गैरसोयीची होती. नवीन प्रतीक्षा ही कायदेशीर जोखमीचा काळ बनली.

५. कागदांची साखळी आणि विलंबाचे स्वरूप

केंद्रीय नियमांतील नियम ४७ नुसार नवीन वाहनाचा नमुना २० मधील अर्ज ताबा मिळाल्यापासून सात दिवसांत करावयाचा असतो. त्यासोबत विक्रेत्याचे विक्री प्रमाणपत्र (नमुना २१), उत्पादकाचे रस्तायोग्यता प्रमाणपत्र (नमुना २२), विमा, पत्त्याचा पुरावा आणि असल्यास तात्पुरती नोंदणी जोडावी लागते. कर्ज असल्यास बँकेच्या सहीचा नमुना ३४ असतो. चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला छापही अर्जावर लागतो. तात्पुरती नोंदणी वगळता या यादीतील एकही कागद परिवहन कार्यालय स्वतः निर्माण करीत नाही. उत्पादक, विक्रेता, विमा कंपनी, बँक आणि पत्त्याचा पुरावा देणारे खाते अशा पाच ठिकाणचे पुरावे नागरिकाने गोळा करून एका खिडकीत आणावयाचे असतात. त्यांपैकी कोणत्याही दोहोंत नावाचे एक अक्षर वा क्रमांकाचा एक अंक जुळला नाही, तर अर्ज परत येतो. आडनाव आधी की नाव आधी, या मराठी समाजातील नित्याच्या गोंधळाने किती अर्ज परतले असतील, याचा अंदाज प्रत्येक वाचकास स्वानुभवाने करता येईल.

वापरलेल्या वाहनाच्या बाबतीत ही साखळी अधिक लांबते. राज्यांतर्गत विक्रीची सूचना विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत द्यावी, असे कलम ५० सांगते. त्यासाठी नमुना २९ व ३० आहेत. कर्ज फिटले असल्यास बोजा उतरविण्यासाठी नमुना ३५ लागतो. मालकाचे निधन झाल्यास वारसाने ३० दिवसांत सूचना दिल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत वाहन वापरता येते आणि त्याच मुदतीत नमुना ३१ मध्ये अर्ज करावयाचा असतो. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि प्रतिज्ञापत्र यांच्या प्राप्तीस लागणारा वेळ या तीन महिन्यांत बसतोच असे नाही.

परराज्यातील स्थलांतराचे उदाहरण याहून बोलके आहे. वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) हवे. ते देण्यापूर्वी कार्यालयाने वाहनचोरीसंबंधी पोलिसांचा अहवाल घ्यावयाचा आणि कर भरल्याची खात्री करावयाची असते. बेळगाव व कोल्हापूर यांच्या दरम्यान नोकरीनिमित्त राहणे बदलणाऱ्या मराठी कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. उल्लेखनीय बाब अशी की, कलम ४८ मध्ये ३० दिवसांत उत्तर न आल्यास प्रमाणपत्र दिले गेले असे मानण्याची तरतूद करण्यात आली होती. पण दुसऱ्या राज्याच्या खिडकीत 'मानलेले' प्रमाणपत्र दाखविता येत नाही. तेथे शिक्क्याचा कागदच मागितला जातो. कायद्याने नागरिकास दिलेला दिलासा कागदाच्या व्यवहारातच निष्फळ ठरला.

६. मध्यस्थाचे स्थान

या परिस्थितीत 'एजंट' ही व्यक्ती उदयास आली. तिच्याकडे केवळ नैतिक दृष्टीने पाहिल्यास तिचे ऐतिहासिक कार्य नजरेआड होते. कोणता नमुना कशासाठी, कोणत्या खिडकीत कोणत्या दिवशी अर्ज घेतात, कोणती त्रुटी क्षम्य आणि कोणती अक्षम्य, हे ज्ञान छापील स्वरूपात सहजी उपलब्ध नव्हते. कायद्याची परिभाषा इंग्रजी वळणाची होती. एका दिवसाची मजुरी बुडवून तीन फेऱ्या मारणे ज्यास परवडत नाही, त्याने मध्यस्थास पैसे देणे हा त्याच्या दृष्टीने हिशेबी व्यवहार होता. मध्यस्थ हा एका अर्थी अर्जाच्या भाषेचा दुभाषी होता. त्याच वेळी, गुंतागुंत टिकून राहण्यात ज्याचे हित आहे असा वर्गही त्यातून तयार झाला, हे नाकारता येत नाही.

जानेवारी २०१५ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी कार्यालयांच्या आवारात मध्यस्थांना मज्जाव करणारा आदेश काढला. त्याच वर्षी राज्य शासनाने स्वसाक्षांकित प्रतींना मान्यता दिली आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा संमत झाला. यांपैकी पहिला उपाय माणसाला हटविण्याचा होता, तर इतर दोन उपाय त्या माणसाची गरज कमी करण्याचे होते. पाच ठिकाणचे पुरावे नागरिकानेच जुळवून आणावयाचे, ही मूळ अट जोवर कायम आहे, तोवर पहिल्या प्रकारचा उपाय एकट्याने पुरेसा ठरू शकत नाही.

७. संगणकीकरण : रांगेचे स्थलांतर

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेल्या 'वाहन' व 'सारथी' या प्रणालींमुळे हस्तलिखित नोंदवह्या संगणकात आल्या. २००१ मध्ये देशातील नोंदणीकृत वाहनांची संख्या सुमारे ५ कोटी ५० लाख होती, ती २०११ मध्ये सुमारे १४ कोटी १९ लाखांवर गेली. हा भार वहीपेन्सिलीने पेलणे अशक्यच होते. २०१८ मध्ये डिजिटल स्वरूपातील कागदपत्रे ग्राह्य धरण्याची तरतूद झाली. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने अधिकृत विक्रेत्याने विकलेले नवे वाहन कार्यालयात प्रत्यक्ष दाखविण्याची अट वगळण्याची आणि राज्यातील कोणत्याही कार्यालयात नोंदणी करण्याची तरतूद केली. २०२१ मध्ये वारस म्हणून नामनिर्देशन करण्याची सोय नियमांत आली. त्याच वर्षी १५ सप्टेंबरपासून 'बी.एच.' मालिका सुरू झाली आणि २०२२ मध्ये ५८ सेवा आधार प्रमाणीकरणाच्या साहाय्याने कार्यालयात न जाता देण्याची अधिसूचना निघाली.

या सुधारणा स्वागतार्ह आहेत. तथापि त्यांचा लाभ कोणास होतो, हे पाहणे आवश्यक ठरते. नवीन वाहन घेणाऱ्याचे बहुतेक काम विक्रेता करतो आणि त्याची रांग जवळपास संपली आहे. 'बी.एच.' मालिका संरक्षण दलातील व शासकीय कर्मचारी, सार्वजनिक उपक्रम आणि चार वा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी कंपन्यांचे कर्मचारी यांच्यासाठी आहे. वीटभट्टीवर वा ऊसतोडीस परराज्यात जाणारा मजूर तीत बसत नाही. जुनी दुचाकी विकत घेणारा, मृत पतीचे वाहन नावावर करणारी स्त्री, आधारशी जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक बदललेला वृद्ध यांची प्रतीक्षा संपलेली नाही. ती खिडकीपुढून पडद्यापुढे आली आहे, एवढाच फरक. तेथेही नावाचे अक्षर जुळत नाही आणि अर्ज परत येतो. मध्यस्थाचा बाकडाही कार्यालयाच्या फाटकाबाहेरून सायबर कॅफेत गेला आहे.

निष्कर्ष :

१. वाहन नोंदणीचा आरंभ ओळख पटविण्याच्या मर्यादित हेतूने झाला. कर, विमा, कर्ज व निवासाचा पुरावा ही कामे टप्प्याटप्प्याने त्याच नोंदीवर लादली गेली. विलंबाचे मूळ या थरांत आहे.

२. नियंत्रित अर्थव्यवस्थेच्या काळातील टंचाईने कागदावरील मालक व प्रत्यक्ष वापरकर्ता यांच्यात फारकत निर्माण केली. ही सवय १९९१ नंतरही टिकली.

३. १९८८ च्या कायद्याने नोंदणीकृत नावास मालकीचा दर्जा दिला. त्यामुळे अर्ज ते नोंद यांमधील काळ हा केवळ गैरसोयीचा न राहता उत्तरदायित्वाचा बनला.

४. संगणकीकरणाने नव्या वाहनाची प्रतीक्षा घटविली. वापरलेल्या, वारसाहक्काच्या आणि स्थलांतरित वाहनांची प्रतीक्षा तुलनेने कायम आहे.

यावरून एक सूचना करावीशी वाटते. वाहनाच्या नोंदीत अर्जाच्या पोचपावतीस कायद्याने स्वतंत्र मूल्य मिळावे आणि पूर्ण कागदांसह अर्ज दाखल झाल्याचा दिनांक हाच हस्तांतराचा दिनांक मानला जावा. असे झाल्यास अपघातग्रस्तास उत्तरदायी माणूस मिळेल आणि आपले काम वेळेवर करणाऱ्या नागरिकास कार्यालयाच्या विलंबाचा भुर्दंड पडणार नाही. प्रतीक्षा पूर्णपणे नाहीशी करणे कदाचित कोणत्याही राज्यसंस्थेस शक्य होणार नाही. तिची जोखीम कोणी वाहावी, हे ठरविणे मात्र शक्य आहे. आणि गेल्या शतकभराच्या इतिहासात ती सातत्याने खिडकीच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसानेच वाहिली आहे.